काय जागा घेतली!

आई,

शनिवारी आपला ऑर्केस्ट्रा बंद पडला. ‘आपला’ म्हणते, कारण इथे ओहायोतल्या डब्लिनला माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा तूच तसं म्हणायला लागलीस. आधी विचारलंस, "कंडक्टर म्हणजे तिकिटं फाडणारा ना गं?" मग मी सांगितलं, की इथे येऊन वसलेल्या चेक सुतारांनी आणि बेकरीवाल्यांनी चर्चच्या तळघरात हा ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि अजूनही दरवर्षी त्यांच्या मुलखाचं संगीत वाजतं. तर म्हणालीस, "म्हणजे यांचं महाराष्ट्र मंडळच की!"

अजून डोळ्यांसमोर आहे: तू पोळ्या लाटतेयस. मी किचनमध्येच नोटेशनचा स्टँड मांडून व्हायोलिनचा रियाज करतेय. गाणं शिकलेली तू, लाटणं न थांबवता म्हणतेस, "नुसतं वाचतेयस. वाजव की कधीतरी!" मला राग येतो. समोर कागद असताना आणखी काय वाजवायचं?

मग तो कार्यक्रम. चेक सिम्फनीचा संथ भाग चाललेला, व्हायोलिनं वरच्या सुरांवरून हळूच खाली उतरली आणि अंधारातून तुझा आवाज आला, "वा! काय जागा घेतली!" इथे लोक शिंकसुद्धा दाबतात गं. माझे कान तापले. नंतर म्हातारा कंडक्टर, त्या सुतारांपैकीच एकाचा नातू, तुला शोधत आला. गाण्यातल्या सुंदर वळणाला आम्ही जागा म्हणतो, असं मी त्याला समजावलं. "माझे आजोबा असेच मध्येच ओरडायचे," म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. पुढच्या तालमीपासून त्याचं सुरू झालं, "फ्रॉम द जागा, प्लीज!"

तू गेलीस, मागोमाग तोही गेला. शब्द तेवढा राहिला. शेवटच्या तालमीत बासरीवाली पोरगी शेजारणीला विचारत होती, "जागा, इज दॅट चेक?" "आय थिंक सो," ती म्हणाली. मी मान खाली घालून तार लावत राहिले.

शनिवारच्या शेवटच्या कार्यक्रमात ती जागा आली. ऐकायला थोडीच माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. कुणीतरी ‘वा’ म्हणावं म्हणून माझा जीव नुसता कानात आला होता. कुणीच म्हणालं नाही. टाळ्या पडल्या त्या अगदी शेवटी, शिस्तीत.

हे पत्र पाठवू तरी कुठे? कुणी वाचणार नाही, म्हणून तुलाच सांगते, आई. त्या जागेवर मी वाजवलंच नाही. व्हायोलिनचा गज तारांना न टेकवता वरून नुसता फिरवत राहिले, आणि ऐकलं.