नवव्या प्रश्नाचं पुस्तक

प्रिय वहिनी,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील आणि मग तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. दोन्ही रास्तच आहे. पण पत्र फाडू नकोस. दुपारचे तीन वाजलेत, मी मासिकाच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी बसले आहे आणि काचेपलीकडून संपादक दर दहा मिनिटांनी मान वर करून माझ्याकडे बघताहेत. पाच वाजता नवा अंक छपाईला जातो. तोवर मी एक पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं नाही, तर अकरा वर्षं चालवलेलं माझं सदर गेलं. वर वाचकांची जाहीर माफी मागायची, तीही माझ्याच नावानं.

सदर तुला माहीत आहे. दर महिन्याला दहा प्रश्न, सगळे जुन्या, विसरलेल्या पुस्तकांतले. अमुक प्रसंग कुठल्या कादंबरीतला, तमुक पात्र कुणाचं. वाचक एकमेकांना विचारतात, वाचनालयं पालथी घालतात आणि उत्तरं धाडतात. आमचा नियम एकच: पुस्तक समोर उघडं असल्याशिवाय आणि पानाचा आकडा टिपून ठेवल्याशिवाय प्रश्न काढायचा नाही. हा नियम मीच घातलेला. गेल्या अंकात एक प्रश्न कमी पडत होता, वेळ नव्हता, आणि नववा प्रश्न मी नुसत्या आठवणीवर काढला. ती गोष्ट मला इतकी पाठ होती की पुस्तक बघावंसंही वाटलं नाही.

प्रश्न असा होता. घाटात एका आगगाडीचा शेवटचा डबा सुटतो आणि उतारावरून उलटा धावू लागतो. आत एकटा शिंपी, मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा कोट. प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी डबा थांबवू बघतं आणि फसतं. शिंपी मात्र बटणं लावत बसलेला असतो. ही कादंबरी कोणती?

अंक निघाला आणि दोन आठवड्यांत एकेचाळीस पत्रं आली. उत्तर एकाचंही नाही. बहुतेकांनी लिहिलं होतं की पुस्तक सापडत नाही, पण सापडलं की कृपा करून नाव कळवा, आम्हाला वाचायचंय. एक निवृत्त मास्तर आहेत, माझे सगळे प्रश्न पहिल्या आठवड्यात सोडवणारे. त्यांनी मात्र सरळ मासिकाच्या मालकांनाच कळवलं की हा प्रश्न बनावट आहे, पुरावा दाखवा. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. आजवर मी लोकांना शोधायला लावत होते, आता लोकांच्या दारात जाऊन मी शोधत होते. मोठ्या वाचनालयातल्या बाईंनी माझ्यासाठी तीन दिवस तळघरातल्या याद्या चाळल्या. शेवटी मी त्या मास्तरांच्याच घरी गेले. भांडणाच्या तयारीनं गेले होते, पण त्यांनी चहा दिला आणि शांतपणे विचारलं की हे पुस्तक तुम्ही स्वतः कधी वाचलंत? मी ‘हो’ म्हणणार तोच लक्षात आलं. मी ते वाचलेलंच नव्हतं. मला ते वाचून दाखवलं होतं.

मी सात वर्षांची होते तेव्हा माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हे तुला दादानं सांगितलं असेल. आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. आम्ही आत्याकडे होतो, आई कामावर. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा दादानं, तो तेरा वर्षांचा होता, एक जाडजूड पुस्तक आणलं आणि माझ्या खाटेवर बसून वाचायला लागला. पानं उलटल्याचा आवाज मला अजून आठवतो. रोज एक स्टेशन. आठव्या दिवशी डबा पडक्या पुलाच्या दिशेनं सुटला होता आणि तो दुसऱ्या रुळावर वळवायला सांधेवाल्याची मुलगी एकटीच सांधा ओढत होती. तिथं तो थांबला. संध्याकाळी पट्टी निघाली. मी म्हटलं, आता पुढचं वाच. तो म्हणाला, पुस्तक परत करावं लागलं. मी आठवडाभर त्याच्याशी कट्टी घेतली होती.

काल मी आत्याकडे गेले. तिला विचारलं, दादा मला वाचून दाखवायचा ते जाड पुस्तक आठवतं का, कुठल्या वाचनालयातलं होतं? ती म्हणाली, वाचनालय कुठलं, माळ्यावरच आहे की. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिनं खाली काढून दिलं आणि मी पुसून उघडलं. वहिनी, ती टेलिफोन डिरेक्टरी होती. नुसती नावं आणि आकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं तोंड पाहून आत्या म्हणाली, अगं, तो कुठला वाचतोय! अक्षरं नाचतात म्हणायचा, मास्तर छड्या मारायचे, सातवीत शाळा सुटली. तुला एवढी शिकलेली असून कधी कळलं नाही?

नाही कळलं. त्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांवर तो गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावत नाही, रंगीत दोरे बांधतो. मी त्याला लहरी म्हणायचे. दर वाढदिवसाला मी त्याला पुस्तक पाठवायचे आणि उलट टपाली चिठ्ठी यायची, ‘यांना फार आवडलं’. अक्षर तुझं. मी म्हणायचे, बायको हाताशी आहे म्हणून आळशी झालाय. आणि मग माझ्या प्रश्नांचं पुस्तक निघालं, तुमच्याकडे सगळे जमले होते. मी ते त्याच्या हातात देऊन म्हटलं, उघड कुठलंही पान आणि मोठ्यानं वाच. तो म्हणाला, चष्मा सापडत नाहीये. मी सगळ्यांसमोर म्हणाले की पुस्तक दिसलं की तुझा चष्मा बरा हरवतो. सगळे हसले. तू हसली नाहीस, तू मान खाली घातलीस. मला वाटलं, तुला त्याची लाज वाटली. तो उठून गेला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. मी म्हणत राहिले की बहिणीचं नाव झालेलं त्याला बघवत नाही. आता हे लिहितानासुद्धा मला स्वतःची शरम वाटते आहे.

चार वाजून गेले. खरं सांगायचं तर सकाळपासून माझ्या मनात पाप येऊन गेलं आहे. हीच हकिकत संपादकांना सांगितली तर ते खुर्चीतून उडी मारतील. वाचता न येणाऱ्या भावानं डिरेक्टरी धरून सांगितलेली गोष्ट, पुढच्या अंकात चार पानं, त्याचा फोटो, माझं सदर शाबूत. दोनदा मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. जे त्यानं तू आणि आत्या सोडून कुणालाही कळू दिलं नाही, ते मी पुन्हा चारचौघांत मांडणार होते. एकदा केलं तेवढं पुरे झालं.

तेव्हा आता आत जाऊन मी एवढंच सांगणार आहे की असं पुस्तक नाही, चूक माझी आहे, माफी छापा. सदर जाईल. जाऊ दे. हे पत्र दादाच्या नावानं न लिहिता तुला का लिहिलं, हे तुला कळलं असेल. यातलं किती वाचून दाखवायचं ते तूच ठरव. मला कळलंय हे त्याला कळलेलं तुला योग्य वाटत नसेल, तर आत्याकडचं सगळं गाळ आणि फक्त सांग की ती चुकली, तिला पश्चात्ताप होतोय. पण एक मात्र त्याला नक्की विचार. सांध्याचं काय झालं? डबा वळला का? त्याला म्हणावं, एकेचाळीस माणसं पत्र लिहून तुझं पुस्तक शोधताहेत, आणि मी तर सात वर्षांची असल्यापासून थांबले आहे.

तुझीच, फार उशिरा शहाणी झालेली,
नणंद