खुंटीवरचे जाकीट

भोर, जानेवारी २००२, सायंकाळ

वाद मी जिंकलो, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. माझे पक्षकार, हिर्डोशीचे म्हादबा, आज माझ्याकडे मुलाचे चट्ट्यापट्ट्यांचे लष्करी जाकीट घालून आले. मुलगा सीमेवर आहे. मी रीतसर मुद्दा मांडला: ज्याने सैनिकाची जबाबदारी पत्करली नाही, त्याने सत्तरीत तो वेष मिरवू नये.

"मिरवतोय कुठं, वकीलसाहेब? लांब गेलेल्या मानसाचं कापड रिकामं टांगू न्हाई, म्हनून घालतोय."

"याला प्रमाण काय?"

"परमान तुमच्या कोर्टात. आमच्यात नुस्तं भ्या." हसतच त्यांनी जाकीट उतरवले. "तुमचंच खरं. पन घरी टांगायला म्या धजनार न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच."

आणि नुसत्या सदऱ्यावर एस.टी.ला गेले.

आता ते माझ्या खुंटीवर आहे. खुंटीवरचे कापड आणि सीमेवरची गोळी यांत कार्यकारणभाव नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावले. तरीही त्या रिकाम्या बाह्या... रेडिओवर बातम्यांची वेळ झाली, पण बटण फिरवायला हात धजेना. मग उठलो, जाकीट अंगात घातले आणि बातम्या ऐकल्या.

हे लिहितानाही ते अंगातच आहे. उद्या पहिल्या एस.टी.ने हिर्डोशीस जाऊन परत देईन. तोवर उतरवण्याची माझी हिंमत नाही.