नुसतं बघायचे पैसे

रविवार, ५ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. राग आला तरी द्यावेच लागतात, थोरली पडले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, तो तुमच्या थांब्यावरच्या वाण्याकडे टाकेल.

तुझ्या सासूबाईंना मी काय शिवी दिली का? त्यांनी फोन केला, घर तापवायचा गॅसचा बॉयलर नीट चालत नाही, तुझ्या भाऊजींना पाठवा म्हणाल्या. मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, की यंदापासून घरी येऊन नुसतं बघायचेही पैसे पडतात, काम आम्हाला दिलंत तर ते बिलातून वजा. त्यांनी फोन आपटला. आणि तू जगभर सांगत सुटलीस, की ताई आता तोंड दाखवायचेही पैसे घेते!

मग ऐक. हे सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघतात. कुणाच्या माळ्यावर पोटावर सरपटत जातात, झाकण काढतात, पाइपाला कान लावतात, आणि सांगतात की पंप गेलाय. घरवाला म्हणतो, वा वा, विचार करून कळवतो. डोंबल विचार करतो! बाजारातून पंप आणतो आणि मेव्हण्याकडून बसवून घेतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर कहर केला. बिघाड यांच्याकडून काढून घेतला, काम भाच्याला दिलं, भाच्याने वायर उलटी लावली, आणि पुन्हा यांनाच फोन, की तुम्ही सांगितलेलं चुकीचं निघालं. म्हणजे फुकट सांगायचं आणि वर बोलणीही खायची.

डॉक्टर नाडी बघतो, पैसे घेतो. तिथे कुणी म्हणत नाही, की औषध दुसरीकडून घेणार आहे, तुम्हाला कशाला देऊ. बघणं हेच तर यांचं काम आहे गं. पाना काय, कुणीही फिरवेल. पण यांना विचारशील तर हे म्हणणार, जाऊ दे. यांच्या 'जाऊ दे'वर घर चाललं असतं तर मी आज राणी असते. म्हणून फोन मी घेते, आणि पैशाचं पहिल्या वाक्यात सांगते. नात्यातल्यांना सोडायचं म्हटलं तर आपलं गोत एवढं मोठं आहे, की धंदाच गुंडाळावा लागेल.

लोभ कमी करायचा असेल तर आधी कळव, म्हणजे मीही माझ्याकडचा आवरते.

तुझी ताई

&nbsp;

मंगळवार, ७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून नाही, उभ्यानेच.

तुझं पत्र वाचलं. भाषण छान आहे. पण ते शिंप्याला द्यायचं होतंस, माझ्या सासूला नाही. घरात कुणी पाहुणा आला की त्या माझ्याकडे बघून म्हणतात, हिच्या माहेरचे लोक दाराशी आले की मीटर पडतो. हे ट्रक घेऊन महिनाभर बाहेर. मला घरात बोलायला चिमी सोडून कोण आहे? आणि ती पाच वर्षांची.

तुमचं नको म्हणून आम्ही बॉयलर विकणाऱ्या दुकानवाल्याचा माणूस बोलावला. बघायचे पैसे नाहीत, अंदाजपत्रकाचे नाहीत. गोड बोलला, चहा प्यायला, म्हणाला बॉयलर म्हातारा झालाय, दुरुस्तीत अर्थ नाही, नवाच घ्या. नव्याचा आकडा कागदावर लिहून दिला. तो बघून सासूबाईंनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, उन्हाळ्यात बघू, तोवर आहे तो चालवा. तर चालवतोय. आधी आच निळी असायची, आता मेणबत्तीसारखी पिवळी झालीय. वरची भिंत काजळीने काळी पडली, ती मी पुसून पुसून थकले.

त्यात सासूबाईंचं डोकं आठवडाभर धरलेलं असतं. तुझ्या बोलण्यानेच उठलंय, असं त्या येईल त्याला सांगतात. बाजारात गेल्या की बरं वाटतं, घरी आल्या की पुन्हा सुरू, म्हणजे दोष माझ्या तोंडाचा! चिमीही दिवसभर पेंगते, काल खाल्लेलं सगळं उलटून पडलं. खिडक्या उघडाव्या तर गारठा, म्हणून फटींत कापडं कोंबून बसलोय.

हे भाऊजींनी यावं म्हणून लिहिलेलं नाही. आणि पत्र वाचायचे पैसे लावू नकोस, माझ्याकडे नाहीत.

लोभाचं तूच ठरव, मोठी आहेस ना.

धाकटी

&nbsp;

बुधवार, ८ जानेवारी

धाकटे,

बॉयलर बंद कर. आत्ता. हे पत्र खाली ठेव, बंद कर, मग वाच.

तुझं पत्र जेवताना यांना वाचून दाखवत होते, तुझ्यावर तोंडसुख घेत. पिवळी आच आणि काजळी ऐकून यांनी घास ताटात टाकला. डोकेदुखी आणि चिमीची उलटी ऐकल्यावर उठलेच. म्हणाले, धूर बाहेर जात नाहीये, घरात विषारी वायू भरतोय, त्याला वास नसतो. तुला फोन लावला तर तू कापलास! मूर्ख कार्टे, भांडायला फोन केला होता का मी? वाण्याकडे लावला तर दुकान बंद.

हे पत्र घेऊन हेच येताहेत, मिळेल त्या बसने. खिडक्या उघड, चिमीला बाहेर ने, सासूबाईंना बाहेर ने. त्या ऐकल्या नाहीत तर उचलून ने.

ताई

&nbsp;

शुक्रवार, १० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

चिमी घरी आली. रात्रभर दवाखान्यात नाकाला नळी लावून ठेवली होती. आज सकाळी उठल्या उठल्या खायला मागितलं, आणि मी भात टाकायला पळाले. डॉक्टर म्हणाले, अजून एकदोन रात्री गेल्या असत्या तर त्यांना काही करता आलं नसतं.

भाऊजी आले ते मला ढकलूनच आत घुसले. बॉयलर बंद, खिडक्या सताड, सासूबाईंना खुर्चीसकट अंगणात. त्या ओरडत होत्या, शेजारी गोळा झाले. मग भाऊजींनी धुराड्याचं नळकांडं उतरवलं, तर आत पक्ष्याचं घरटं गच्च बसलेलं. म्हातारा म्हणे बॉयलर! त्या फुकट्याने झाकणसुद्धा काढलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते. त्याने पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि वही काढली. त्याला नवा विकायचा होता, जुन्यात डोकावून त्याला काय मिळणार? समोर आला तर त्याच्या डोक्यात ते नळकांडं घालीन.

पण राग तुझाही आलाय, तो लपवत नाही. सासूबाई त्या दिवशी फोनवर काजळीचंच सांगायला लागल्या होत्या. तू मध्येच तोडून पैशाचं सांगितलंस. आणि माझा मला आलाय तो वेगळाच.

भाऊजींपुढे पैसे धरले, तर म्हणाले घरच्यांकडून कसले घ्यायचे. तेव्हापासून सासूबाई गप्प आहेत. त्यांचं बोलणं परवडलं.

लोभ सध्या आहे तिथेच असू दे.

धाकटी

&nbsp;

सोमवार, १३ जानेवारी

सौ. सूनबाईंच्या ताईंना,

स. न. वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही. पण तुमच्या यजमानांनी माझी पंचाईत केली आहे.

माझी नात वाचली, मी वाचले. हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि हाच माझा त्रास आहे. ते शनिवारी बर्नर साफ करून बॉयलर चालू करायला आले, मी दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, पैसे घेणार असाल तर आत या. ते हसले आणि म्हणाले, राहू द्या. मग मीही दार राहू दिलं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात कोट घालून बसतो.

अहो, ज्याला पैसे दिले त्याला चार शब्द सुनावता येतात. उशीर का केलात, फरशी का घाण केलीत, हे विचारता येतं. फुकट करणाऱ्याला नुसते हात जोडायचे. सुनेच्या माहेरच्यांपुढे जन्मभर हात जोडून राहायची मला सवय नाही आणि या वयात लागणारही नाही. तो दुसराही फुकटच बघून गेला होता. त्याला जाब विचारायला गेले, तर दुकानवाला म्हणाला, तुम्ही पैसे कुठे दिले होते?

तुमचं ते फोनवरचं बोलणं मला आवडलं नव्हतं, अजूनही नाही. पण फी सांगा. पूर्ण. नात्यातली सूट दिलीत तर पत्र फाडीन.

लोभाचा हिशोब फीच्या बाहेर ठेवावा.

धाकटीच्या सासूबाई

&nbsp;

बुधवार, १५ जानेवारी

ती. सासूबाईंस,

शि. सा. न. वि. वि.

बिल सोबत आहे. बघायची फी पूर्ण, नळकांड्याच्या साफसफाईची वेगळी. सूट शून्य, एरवीची वजावटही नाही.

यांना मी जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शनिवारी परत आले ते सांगत, की धाकटीच्या सासूबाई स्वभावाने जरा कडक आहेत. मी म्हटलं, बाई गारठल्या आहेत, पोर आजारातून उठलंय, आणि तुम्ही दारात मोठेपणा करत उभे राहिलात! तुमच्या चांगुलपणाने त्यांचा बॉयलर तापणार आहे का? हे या शनिवारी येतील, पैसे घेतील, मोजून घेतील.

राहिलं माझं. तुम्ही काजळी म्हणत होतात आणि मी फी म्हणत होते, हे धाकटीने मला सुनावलंय आणि ते खरं आहे. आता फोन आला की मी पहिलं विचारते, आच कुठल्या रंगाची, घरात कुणाचं डोकं दुखतंय का. तसं काही असेल तर बंद करा, बाहेर पडा, हे सांगायचे पैसे नाहीत. बाकी सगळ्याचे आहेत. शिंप्याकडून तर दुप्पट घेईन.

लोभ तुम्ही म्हणता तसा, फीच्या बाहेर.

ताई

&nbsp;

सोमवार, २० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र सासूबाई सांगताहेत, मी फक्त लिहिते आहे.

पैसे शनिवारी चुकते केले, पावतीवर सही घेतली. तेव्हा आता ऐकून घ्यावे. तुमचा माणूस सकाळी येतो सांगून दुपार टळल्यावर आला. बुटांची काजळी बैठकीपर्यंत आणली. बॉयलर पेटला, आच निळी आहे, ते ठीक. पण मागच्या खोलीतला पाइप काल संध्याकाळपासून ठोके देतो आहे, जणू आत कुणी हातोडा घेऊन बसलंय. चिमी त्या ठोक्यांवर नाचते, आम्हाला झोप नाही. पूर्ण फी घेता आणि अर्धं काम करता, ही कुठली रीत? उद्या दुपारच्या आत यावे, आणि बूट बाहेर काढावेत.

हे सांगताना त्या खोलीभर येरझारा घालताहेत. इतक्या खुशीत मी त्यांना लग्नानंतर प्रथमच बघते आहे. मी मध्ये म्हटलं, जरा सौम्य लिहू का, तर माझ्यावरच ओरडल्या.

त्या म्हणतात शेवटी असं लिही: लोभ नंतर, आधी माणूस पाठवा.

तुमचं गिऱ्हाईक
(आणि धाकटी)