गिळलेले मूग

व्हॅलेहो, कॅलिफोर्निया
१९ ऑक्टोबर

मानांग लिओनिला,

धाकट्या बहिणीने लावायचा तसा तुझा हात कपाळाला लावते आणि मगच सुरुवात करते. (हात इथे नाही, पण त्यावरची कढईने भाजल्याची खूण मला अजून नेमकी ठाऊक आहे.)

तुला तो शुक्रवार आठवतो का? ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, आणि आपण दोघी शाळेच्या चॅपेलमागे पपईच्या झाडाखाली एक एम्पानाडा अर्धा अर्धा करून खात होतो. आत सॉसेज भरलेलं. मोठा अर्धा तू घेतलास. (दोन अर्ध्यांतला एक मोठा कसा असतो, हे गणित मला शाळेने नव्हे, तू शिकवलंस.) तेवढ्यात सिस्टर हुमिलियाना आल्या आणि त्यांनी बायबल पुढे केलं. तू शांतपणे हात ठेवलास आणि म्हणालीस, "मी मांस खाल्लेलं नाही, सिस्टर." तुझी हनुवटी तेलाने चकाकत होती. सिस्टरनी तुझ्यावर विश्वास ठेवला. मला खोटी शपथ घेता येईना आणि खरं सांगून तुला अडकवताही येईना, म्हणून मी नुसती गप्प उभी राहिले, आणि शिक्षा म्हणून तासभर मुगाच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसले. घरी जाताना तू म्हणालीस, "वेडाबाई, शपथेनंतर मी मनात दोन शब्द जोडले. सिस्टरना ऐकू आले नाहीत, देवाला आले." कोणते दोन, ते तू मी मोठी झाल्यावर सांगणार होतीस. मानांग, मी मार्चमध्ये सत्तर वर्षांची झाले.

तुझा गुडघा कसा आहे? साखर किती? भिंतीखालची घूस अजून येते का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुझा फोन तुझी सून मारिविक मोठ्या आवाजावर लावते, आणि मारिविकने ऐकलं म्हणजे विगानच्या अर्ध्या बाजाराने ऐकलं. म्हणून हे पत्र. आमच्या चर्चमधली ओफेलिया गुरुवारी विमानाने निघतेय, तिच्या पर्समध्ये देतेय. हे लिहिताना मी आतापर्यंत चारदा उठले. एकदा तांदूळ धुतले. मग आठवलं की ते आधीच धुतले होते. आईने माझं नाव पासिएन्सिया ठेवलं, म्हणजे धीर, आणि मला तर हल्ली टपालगाडीचा आवाज आला तरी दोन खोल्या चालून याव्या लागतात.

आमच्या जोडघराची तुला कल्पना आहेच. डाव्या अर्ध्यात मी आणि मॅक्सिमो, उजव्या अर्ध्यात आपला धाकटा भाऊ क्रिस्पुलो, बायको गेल्यापासून एकटा. मधे एकच हिरवळ. मॅक्सिमो लाल पक्षाचा. वीस वर्षं अमेरिकेच्या नौदलात अधिकाऱ्यांचा स्वयंपाक केला, त्यामुळे हा देश आपण आतून पाहिला आहे असं त्याचं म्हणणं. (वीस वर्षं समुद्रावर काढलेला हा माझा नवरा विमानात मात्र पाय ठेवत नाही. म्हणून मी दर वेळी तुझ्याकडे एकटी येते. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) क्रिस्पुलो निळ्या पक्षाचा. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तीस वर्षं आणि तितकीच वर्षं युनियनमध्ये. मॅक्सिमो हिरवळ बरोबर मध्यापर्यंत कापतो आणि यंत्र बंद करतो. क्रिस्पुलोची बाजू घोट्याइतकी वाढते. ऑक्टोबर आला की एकीकडे लाल पाटी, दुसरीकडे निळी, आणि कोणाची पाटी हद्द ओलांडून किती बोटं आली हे मोजायला माझी शिवणाची फीत. तरी बास्केटबॉलमध्ये आपला देश अमेरिकेशी खेळला की दोघे एकाच कोचावर बसून आपल्याच पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि तीस गुणांनी हरल्यावर पंचाला शिव्या देतात.

तुला वाटत असेल, हे भांडण देशाचं. तसं ते दिसतं. सीमा, कर, अंड्यांचे भाव, कोण इथे यावं आणि कोण नाही. पण त्याचं मूळ दोन हजार चारमध्ये आहे. त्या वर्षी मॅक्सिमो आमच्या भागाच्या पाणीपुरवठा मंडळाला उभा राहिला आणि एका मताने पडला. फेरमोजणी झाली, तरी एकच. (ते मत मिळालं असतं तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी टाकली असती. चिठ्ठीत आपण आयुष्यात हरलो नाही, असं तो म्हणतो.) त्याने ठरवून टाकलं की ते मत क्रिस्पुलोचं. क्रिस्पुलोने आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळ येशूवर हात ठेवून शपथ घेतली की मी तुम्हालाच मत दिलं, मानोंग. (भांडणातही तो त्याला 'मानोंग', म्हणजे थोरला भाऊच म्हणतो.) मॅक्सिमो म्हणाला, "निळ्यांची शपथ म्हणजे उन्हातला बर्फ." तेव्हापासून एकवीस वर्षं ते दोघे जगातल्या प्रत्येक प्रश्नावर भांडत आले, पण त्या एका मतावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

ते मत माझं होतं, मानांग. म्हणजे नव्हतं, हीच गोष्ट आहे.

शहाण्णव साली मी नागरिकत्वाची परीक्षा पास झाले, हे तुला कळवलं होतं. शपथेच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या मोठ्या सभागृहात मी रांगेत उभी राहिले. दारातच एक गोड म्हातारी प्रत्येकाला वीतभर काडीवरचा छोटा झेंडा देत होती, तो घेतला. पुढच्या टेबलावर ग्रीन कार्ड परत करायचं होतं, आणि हातात शपथेचा कागद होता. मी तो वाचला. (तिथे हजार माणसं होती. वाचणारी बहुधा मी एकटीच.) आजवर ज्या देशाची होते त्याची निष्ठा सर्वथा आणि संपूर्णपणे सोडते, असं होतं. ते कदाचित मी गिळलं असतं. पण खाली लिहिलं होतं, हे मी मनात कोणताही आडपडदा न ठेवता म्हणते आहे. मी ती ओळ पुन्हा वाचली. या सरकारला तुझे ते दोन शब्द ठाऊक होते, मानांग! सिस्टर हुमिलियाना जाऊन दहा वर्षं झाली होती आणि कागद मात्र त्यांनीच लिहून दिल्यासारखा. माझ्यापुढे पाच माणसं राहिली तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले आणि बसने घरी आले.

मॅक्सिमो दारात उभा होता. त्याने झेंडा पाहिला, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने तो देव्हाऱ्यात बाळ येशूच्या शेजारी खोवला. मी सांगणारच होते. पण त्याने शेवयांचं पान्सित करून ठेवलं होतं, आणि ते गरम होतं.

मग एकोणतीस वर्षं. त्या शुक्रवारी मी मुगावर बसले, आणि नंतर मूग गिळून बसले. कागदपत्रं हे बायकांचं काम असं मॅक्सिमोचं मत, आणि तो विमानात बसत नसल्यामुळे माझा पासपोर्ट कोणत्या देशाचा हे त्याने कधी पाहिलंच नाही, म्हणून फार अडलं नाही. निवडणुकीला मी "स्वतः जाऊन मत देणं मला आवडतं" असं सांगून बाहेर पडत असे आणि बेकरीत बसून लोण्याचा पाव खात असे. 'मी मत दिलं' असा गोल कागद मॅक्सिमोच्या मतपत्रिकेबरोबर टपालाने येतो, तो मी छातीवर चिकटवे. (त्याला नको असतो, सदऱ्याला डिंक लागतो म्हणून.) मॅक्सिमोला खात्री होती की मी लालांना मत देते. क्रिस्पुलोला खात्री होती की मी मनातून निळी आहे. दोघे मला पाहून हळूच डोळा मारत. मी कुठेही खोटी शपथ घेतली नाही. नुसतंच खोटं वागले, त्याला सिस्टरनी शिक्षा सांगितली नव्हती.

आणि मग माझा सत्तरावा वाढदिवस. टेबलावर लांब आयुष्याच्या लांब शेवया, बाहेर दोन पाट्या. तळलेल्या लुंपिया रोलचं ताट संपायच्या आत भांडण सुरू झालं.

"सगळ्यांना परत धाडा," मॅक्सिमो म्हणाला.

"तुम्ही कसे आलात, मानोंग? आकाशातून पडलात?"

"नौदलाच्या जहाजातून! कायद्याने!"

"हो, कांदे सोलत सोलत."

"कांदे सोलले, पण शपथ घेतली! जो तीस वर्षं इथलं खातो आणि शपथ घेत नाही, त्याचं मन इथे नाही. त्याची बॅग भरून द्या. मी स्वतः इस्त्री करून देईन."

मग सीमा नक्की कुठून जाते हे दाखवायला मॅक्सिमोने भाताच्या कुकरखालून एक पाकीट ओढलं आणि त्याच्या पाठीवर नदी काढली. नदी चुकली आहे म्हणून क्रिस्पुलोने पाकीट हिसकलं, स्वतःची नदी काढायला उलटं केलं, आणि थांबला. पाकीट इमिग्रेशनच्या कचेरीचं होतं. त्याने आतला कागद काढून मोठ्याने वाचला. माझं नाव, आणि ग्रीन कार्डाची मुदत संपत आल्याची सूचना.

मॅक्सिमो हसला. "सरकारची चूक. ही नागरिक आहे. झेंडा आहे ना देव्हाऱ्यात."

मी म्हटलं, "झेंडे दारातच वाटत होते."

क्रिस्पुलो पांढरा पडला. "मानांग! मग तू मत देत होतीस? अगं, तुरुंग आहे त्याला!"

"मी बेकरीत बसत होते."

मॅक्सिमोने बोटांवर काहीतरी मोजलं. बराच वेळ मोजलं. "दोन हजार चारला?"

"तेव्हाही."

त्याने क्रिस्पुलोकडे पाहिलं. क्रिस्पुलोने देव्हाऱ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांनी मॅक्सिमो उठला, लुंपियाचं ताट उचलून क्रिस्पुलोच्या पुढे ठेवलं, आणि क्रिस्पुलोने एक घेतला. एवढीच माफी झाली. मग दोघे माझ्याकडे वळले. या घरात दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

पुढे अकरा दिवस मॅक्सिमो माझ्याशी थेट बोलला नाही. काही हवं असलं की भिंतीवर ठोके मारून क्रिस्पुलोला बोलावून त्याच्याकडून निरोप देई. ("तिला सांग, मीठ कमी आहे.") बाराव्या दिवशी मी कोटाच्या खिशात हात घातला तर माझ्या कार्डाची प्रत हाताला लागली. मग चर्चच्या पर्समध्ये सापडली, भाजीच्या पिशवीत, चष्म्याच्या डबीत. नऊ प्रती, रस्त्यात कोणी अडवलं तर दाखवायला. कायद्याने वागणाऱ्याला कसली भीती, असं जन्मभर टेबल आपटून सांगणारा माणूस, मानांग. त्या मी जिथल्या तिथे राहू दिल्या. पाटी त्याने काढली नाही, पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार नाही अशी वळवून ठेवली.

मग दोघांनी मिळून मला परीक्षेला बसवलं. माझ्या वयाला सवलत आहे, वीसच प्रश्न पाठ करायचे. पण एकेका प्रश्नाला दोन शिक्षक. संविधानाने दिलेलं एक स्वातंत्र्य सांग, म्हटलं की क्रिस्पुलो सांगे, बोलण्याचं. मॅक्सिमो सांगे, "ते तिला कशाला? तिने गप्प बसण्याचं वापरलंय." सप्टेंबरमध्ये मी पास झाले. चौदा नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता शपथ आहे. मॅक्सिमोने सूट शिवायला टाकलाय, आणि क्रिस्पुलो त्याच्याच गाडीत बसून येणार आहे.

क्रिस्पुलो म्हणतो, घाबरू नकोस. शपथ घे आणि त्याच आठवड्यात आपल्या वकिलातीत जाऊन आपल्या देशाची शपथ परत घे, हल्ली चालतं, सगळे करतात. म्हणजे सोमवारी नवऱ्याला सोडायचं आणि गुरुवारी त्याच्याशीच लग्न लावायचं. त्यांना ते जमतं, मला सोमवारच जमत नाही. शपथ नाही घेतली तर पुढच्या वेळी तुझ्याकडून परतताना विमानतळावर मला कोणी बसवून ठेवलं तर काय, या विचाराने मॅक्सिमो झोपेतही प्रती मोजतो. घेतली, तर ज्या दिवशी आई बसच्या खिडकीला धरून म्हणाली, "येशील ना परत?" आणि मी म्हटलं, "येईन", त्याचं काय? ती माझी आयुष्यातली एकच शपथ, मानांग, आणि तेव्हा माझा हात बायबलवर नव्हता, तिच्या हातावर होता.

आता पुरे. भात करपला बहुतेक.

तुझी मुगावर बसणारी,
पासिएन्सिया

ता. क. हे सगळं पाल्हाळ ज्यासाठी लावलं ते आता लिहिते. त्या शुक्रवारी तू मनात कोणते दोन शब्द जोडलेस? नेमके लिहून पाठव. अंदाजे नकोत. ओफेलिया दहा नोव्हेंबरला परत येते, तिच्याकडे चिठ्ठी दे. फोनवर सांगू नकोस. आडपडदा ठेवायचा नाही असं कागदावर आहे खरं, पण तू सिस्टर हुमिलियानांना फसवलंस, त्यांच्यापुढे हे सरकार काय! आणि तू तेव्हा थाप मारली असशील, शब्द काही नव्हतेच, तर तसं कळवू नकोस. कोणतेही दोन पाठव.

पुन्हा ता. क. मोठा खोका जहाजाने निघालाय, नाताळच्या आधी पोचेल. वाटणी अशी कर. कॉफी आणि साबण तुला. टॉवेल मारिविकला, सगळ्यांच्या देखत, म्हणजे मिळाले नाहीत असं म्हणणार नाही. बूट तुझ्या थोरल्याला, आत मोजे कोंबलेत ते धाकट्याला. दोघांनी माझ्या नकळत आपापल्या पक्षाच्या वीस वीस टोप्या घातल्यात. लाल कोळ्यांना दे, निळ्या तिचाकीवाल्यांना. एका घरात दोन रंग देऊ नकोस. चॉकलेट चर्चच्या गायकांना. छोटा झेंडा मॅक्सिमोने काढून दिला, नवा मिळणार म्हणून. तो नातवंडांना दे, काडी मजबूत आहे. तळाशी कागदात गुंडाळलेला माझा पांढरा पोशाख आहे, लांब बाह्यांचा, पुरताना घालायचा. तो कोणालाही द्यायचा नाही. मारिविकने मागितला तरी नाही. आईच्या कपाटात, कापराच्या गोळ्या घालून टांगून ठेव. शपथ काहीही होवो, शेवटी मला तो तिथेच लागणार आहे.