घासलेली कमान

येरवडा, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय अयान,

सलाम आणि खूप दुआ. पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर माझी गाडी दोन वाक्यांत अडते, म्हणून लिहायला बसले. तीस वर्षं शाळेत मुलांचे निबंध तपासले, आता लाल पेन मुद्दाम लांब ठेवलंय.

इकडे थंडी पडू लागलीय. समोर आणखी एक टॉवर उठतोय, म्हणे नदी दिसणार. नाक धरून बघावी लागेल! बायडाबाई पोळ्या करून जाते. माझ्यापुरत्या दोनच.

तुझ्या अब्बांचा सेक्स्टंट, सूर्यावरून बोट कुठे आहे ते सांगणारं ते पितळी यंत्र, कुरिअरने पाठव म्हणालास, कॅनडातल्या नव्या हॉलमध्ये ठेवायला. तिथे समुद्र आहे, शोभेल. हर्णैहून मुंबईला आणि मुंबईहून पुण्याला आलो, तेव्हा सगळं सामान टेम्पोत होतं, पण ती लाकडी पेटी माझ्या मांडीवर. तू मावशीच्या मांडीवर होतास. आता राग धरू नकोस.

पण आधी एक कबुली देते. अब्बा नऊ-नऊ महिने बोटीवर. तिकडे कंपनीचा सेक्स्टंट असायचा. हा त्यांच्या पहिल्या कॅप्टनने दिलेला, खारं वारं लागू नये म्हणून घरी ठेवायचे. दर ईदेला मी तो चिंच लावून घासायची. पितळ म्हणजे भांडंच, एवढीच माझी अक्कल! सूर्य किती वर आलाय ते ज्यावरून वाचतात, ते कमानीवरचे बारीक आकडे मी घासून घासून काढून टाकले. मला कळलंसुद्धा नाही.

निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी तो घेऊन गच्चीवर जायचे. इथे कसलं क्षितिज, इमारतीच इमारती. म्हणून थाळीत तेल ओतून त्यात सूर्याचं प्रतिबिंब पकडायचे. खाली येऊन सांगायचे, "अक्षांश अठरा अंश, तेहेतीस मिनिटं. नसीम, आपण अजून येरवड्यातच आहोत."

मी म्हणायची, "बाहेरच्या ट्रॅफिकवरून कळलं नव्हतं का? आणि ते तेल आता भज्यांना घेऊ?"

पावसाळा सोडला तर सहा वर्षं रोज हेच. आता ते जाऊन दोन वर्षं झाली. दुपारी घरात कोणी काही सांगत नाही.

मागच्या आठवड्यात पाठवायला म्हणून पेटी उघडली. आता मला स्वच्छ दिसतं. कमान नुसती गुळगुळीत, एकही आकडा नाही. अयान, त्या माणसाने सहा वर्षं मला पाठ केलेला आकडा सांगितला रे! मला वाईट वाटू नये म्हणून. एका शब्दाने बोलले नाहीत. ते गेल्यावर रडले नव्हते इतकी त्या दिवशी रडले.

'स्वच्छ दिसतं' लिहून गेलेच आहे, तर तेही सांगते. ऑक्टोबरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोकणात लग्नाला गेलेय, रेंज नाही म्हणाले ना, तेव्हा. फॉर्मवर नातेवाईकाची सही बायडाबाईने केली. नातं विचारल्यावर म्हणाली, "बहीण हाय."

रोज तू विचारतोस, "अम्मी, कशी आहेस?" मी म्हणते, "मजेत." तोही तसलाच आकडा, बाळा. पाठ केलेला.

पेटी मी पाठवणार नाही. हवी असेल तर येऊन ने. चार दिवस राहा. दुपारी गच्चीवर जाऊ, थाळीत तेल मी ओतेन.

मजेत नसलेली,
तुझी अम्मी