विहिरीचा निकाल

२ डिसेंबर
मनस्वी. सातवी. विज्ञानात वीसपैकी चार! दिनेश सर तिला घेऊन दारात — "पेपरात बातम्या लिहीत तीस वर्षं काढलीत ना, हिला जरा मांडायला शिकवा. चौदाला शहापुरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे."
तिची आई ठकू मागे उभी. "नंबर आला तर हिला मावशीकडं ठेवते, शालेला. नाय तर कामाला वीटभट्टीवर नेते. वाडीतली सगली कवाच गेली, भाऊ. आमी चार घरं हिच्या पायी थांबलोय."

३ डिसेंबर
पुस्तक उघडलं की पोरगी जांभया देते. मग एकदम विचारते, "काका, पानी निवळ दिसलं म्हंजे चांगलंच असतं का?"
प्रयोग सापडला! ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक लडकू याच्याकडून तपासणीच्या सहा बाटल्या आणल्या. पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पिण्यालायक नाही. एकीत वाडीची विहीर, एकीत माझा नळ, एकीत उकळलेलं.

५ डिसेंबर
विहिरीची बाटली डांबरासारखी काळी. मनस्वी उडालीच. "आयला सांगू?"
थांबवलं. वाडीत कळलं की लडकू त्याच दिवशी विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर ओतणार. प्रदर्शनात ताजा नमुना लागतो; मग बारा तारखेला त्यासाठी भरलेली बाटली काळी होणार नाही. परीक्षकांना दाखवायचं काय? छापून येईपर्यंत बातमी फोडायची नाही — आमच्या धंद्याचा नियम.
"नऊ दिवस गप्प राहा."
"तवर आमी काय प्यायचं?"
"उकळून प्या."
"सरपन सैपाकालाच पुरत नाय, काका."
मी तक्ता काढायला घेतला.

८ डिसेंबर
दोन मिनिटांत सगळं बोलते आता. पहिलं वाक्य सहा वेळा बदलायला लावलं. "तुमी परीक्षकाहून वंगाळ आहात!" — हसली. हुशार आहे. वर्गात कुणी विचारलंच नव्हतं तिला काही.

१० डिसेंबर
आली नाही.

११ डिसेंबर
आली. धाकटी बहीण प्रियांका, अडीच वर्षांची — कालपासून हगवण. "आता सांगू का?"
तीनच दिवस राहिलेत. म्हटलं, दवाखान्यात न्या, तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजा. कुठलं पाणी, ते मी बोललो नाही. तिनेही विचारलं नाही.

१४ डिसेंबर
पहिला नंबर! काळी बाटली तिने नुसती उंच धरली. एका परीक्षक बाईंनी विचारलं, "वाडीत सांगितलंस का हे?"
तिने माझ्याकडे पाहिलं. "आज सांगनार."
टाळ्या.

१५ डिसेंबर
सकाळी लडकूने विहिरीत पावडर टाकली.
प्रियांकाने त्याआधीच, पहाटे दवाखान्यात जीव सोडला.

१७ डिसेंबर
ठकू आली. हातात काकड्या. "पोरीचा नंबर आला, तुमचे उपकार, भाऊ." मग — "पान्याचं आमाला कोन सांगनार होतं? आमी आपले पीत होतो."
चहा केला. तिने अर्धाच घेतला. मनस्वी बाहेर, आत आलीच नाही.
लिहायचं म्हणून बसलो आहे. काय लिहू.

२० डिसेंबर
दिनेश सरांचा फोन. ठकू काल मनस्वीला घेऊन भट्टीवर गेली. मावशीचं ठरलेलं मोडलं. पोरीने आपणहून आईला सांगितलं म्हणे — विहीर खराब आहे हे मला आधीच माहीत होतं, नंबरासाठी मीच गप बसले. आईने मारलं. तरी माझं नाव तिने घेतलं नाही.
"एवढी समजदार पोरगी, अशी कशी वागली हो?" — दिनेश सर.
मी म्हटलं, "लहान आहे."