ओमेश्वरला घाबरवायचे आहे

३ फेब्रुवारी
माझ्या वडिलांची, बाबूजींची, तेरवी होऊन नऊ दिवस झाले. अख्खे बिरसी गाव मातीला घाटावर आले होते. ओमेश्वर आला नाही. पहिलीपासूनचा मित्र, घर चार पावलांवर. कारण विचारणार नाही. तो माझा स्वभाव नाही. सूड घेणार.

५ फेब्रुवारी
उपाय सापडला. गोंदियात एस्केप रूम उघडली आहे, 'तांत्रिकाची कोठडी'. तासाभरात कोडी सोडवली की दार उघडते. आत अंधार, कवट्या आणि एक जिवंत भूत. वर्गमैत्रीण हर्षालाही विचारले. ती म्हणाली, आत्ताच तेरवी झाली अन् तू गेम खेळायले चालला? म्हटले, मन रमवायला. ओमेश्वर लगेच तयार. बिचारा.

७ फेब्रुवारी
भुताला भेटून आलो. नाव गुड्डू. सांगितले, तिघांत जो घाबरून गप्प होईल त्याची मानगूट धर. ओमेश्वर एरवी रेडिओसारखा चालू असतो, ओळखायला सोपे. गुड्डू म्हणाला, टेन्शन मत लो भैया, रुला देंगे. योजनेत खोट नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
आत शिरल्यापासून ओमेश्वरचे तोंड बंद नाही. हे काऊन लाल आहे, ते काऊन हलून राहिलं, माय वं! मी गप्प. घाबरलो नव्हतो, लक्ष ठेवून होतो. कोपऱ्यात जमिनीवर भाताचे पिंड. बिनतिळाचे, वाकडेतिकडे. असे कोणी मांडते का? जोडे काढले, बसलो आणि नीट मांडू लागलो, दहाव्याला मांडले तसे. तेवढ्यात मानगूट धरली गेली.
हर्षा म्हणते मी 'बाबूजी' असे ओरडलो. मला आठवत नाही. ओमेश्वरने भुताला असे ढकलले की केसांचा टोप त्याच्या हातात आला. सोड त्याले, बाप गेला आहे बे त्याचा! गुड्डू म्हणाला, भैयानेच तो बोला था. सगळ्यांसमोर.
बाहेर ओमेश्वरने विचारले, काऊन केलं असं? महिनाभर मोठे भाषण तयार होते. एवढेच निघाले, मातीला आला नाहीस. तो म्हणाला, तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. बाबूजींले तसं पाहायचा भेव वाटला.

१० फेब्रुवारी
ओमेश्वरशी संबंध कायमचा संपला.
सकाळी सातला दारात उभा. कुठे जाळलं ते दाखव म्हणे, एकट्याले जमत नाही. नेले. घाटावर तो माझ्या मागे, माझा शर्ट मुठीत धरून. एक शब्द नाही. वळून नुसते 'भो' केले असते तरी पडला असता.
केले नाही. घसा बसला आहे, दुसरे काही नाही.